न सरलेली आखाजी

वैशाखातल्या दुपारी आमच्या गावात कोणी धड जागं नसायचं आणि धड झोपलेलंही नसायचं. लिंबाखाली खाटा पडलेल्या, डोक्यावर ओला पंचा टाकून माणसं आडवी, आणि पलीकडे नदीची वाळू अशी चमकायची की नवख्याला वाटावं, पाणीच आहे. अजूनही उन्हाळ्यात दुपारचे डोळे मिटले की मला ती वाळू दिसते आणि तिच्यावरून निळा कोट घालून चाललेली अक्का दिसते. एवढ्या उन्हात लोकरीचा कोट! कोणाला सांगितलं तर म्हणतात, बाई, तुला स्वप्न पडलं असेल. पडलं असेल. पण मग ते आख्ख्या गावाला एकदमच पडलं होतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमचं गाव गिरणेच्या काठावर. एरंडोलला जा नाहीतर धरणगावला जा, रस्ता सारखाच खराब. पण गावातल्या म्हाताऱ्यांना या रस्त्याचा भारी अभिमान. उत्तरेकडून दक्षिण जिंकायला जो कोणी निघाला तो म्हणे आमच्याच वेशीवरून गेला. कोण गेला, कधी गेला, ते विचारलं की प्रत्येकाचा राजा वेगळा. एकाचा दिल्लीचा बादशहा, दुसऱ्याचा बुऱ्हाणपूरचा सुलतान, तिसऱ्याचा टोपीवाला साहेब. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात मात्र सगळे राजे एकाच साच्यातले. प्रत्येक धड्याखाली तोच प्रश्न: राज्य जिंकल्यावर राजाने समाजात, अर्थव्यवस्थेत आणि राज्यकारभारात कोणते बदल केले? मी पाठ करून करून कंटाळले होते. तेव्हा मी सातवीत होते आणि जिंकलेलं राज्य कसं असतं ते मला त्याच उन्हाळ्यात दिसणार होतं.

आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. इतर मुलखात त्या दिवशी सोनं घेतात म्हणे. आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात. झाडाझाडाला झोके, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, आणि घरोघर मातीची गौराई, तिच्यापुढे टोपलीत उगवलेला गहू. सुनांना कामं आणि लेकींना मजा. पुरुषांना काय? पत्ते. वर्षभर ज्याच्या हातात पत्ता दिसला तर बाप कानाखाली काढायचा, तो आखाजीला बापासमोर मांडी घालून डाव टाकायचा. आखाजी लागली की पत्ते निघायचे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गौराई नदीत बोळवली की पत्ते बंद. तो नियम कोणी मोडत नसे.

आणि आमच्या गावचा खास एक खेळ होता. माहेरी आलेल्या लेकी आपल्यातल्या एकीला राजा करायच्या. फेटा, कोट, काजळाच्या मिशा, काळा गॉगल, कमरेला लाकडी तलवार. जितके जिंकणारे या रस्त्यानं गेले त्या सगळ्यांचं थोडंथोडं तिच्या अंगावर. राजा दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत बसून आमराईकडून यायचा, मागं पोरींची फौज, हातात कैऱ्यांच्या डहाळ्या. वेशीला पुरुषांनी आंब्याच्या पानांचा दोर बांधलेला असायचा. राजानं तो तलवारीनं तोडला की सगळे पुरुष धडाधड जमिनीवर पडायचे आणि पोरी ओरडायच्या, "गाव पडनं! गाव पडनं!" मग गौराई बोळवेपर्यंत गावात राजाचा हुकूम. सरपंचाला नाचवायचं, पोलीस पाटलाला पाळणा हलवायला बसवायचं, असले हुकूम. पण जाता जाता राजा एक ठेवणीचा हुकूम द्यायचा. बाकी सगळे हुकूम गौराईबरोबर वाहून जायचे, हा एक राहायचा. कधीकाळी कोण्या राजानं देवळामागची शेळ्यांची वाट खुली ठेवायला सांगितली होती. ती वाट ज्याच्या शेतातून जायची तो मोठा खमक्या माणूस होता, पण नांगर तिथं उचलून घ्यायचा.

त्या वर्षी राजा झाली अक्का. माझ्या मोठ्या काकांची लेक. काकांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. अक्का दहावी झाली आणि नानांनी तिला धुळ्याच्या पलीकडे एका मोठ्या घरात दिली. मोठं घर, मोठी शेती, मोठं फाटक. ते फाटकच नडलं. त्या घरच्या सुना बाहेर पडत नसत. लग्न झाल्यापासून अक्कानं त्या गावची नदी बघितली नव्हती. नदी घराच्या मागंच होती, रात्री तिला आवाज यायचा. एकदा झोक्यावर मी तिला विचारलं, "अक्का, मारतात का गं तुला?"

"मारत नाहीत," ती म्हणाली. "मारलं असतं तर सांगता तरी आलं असतं. बोलतच नाहीत. मी ताट वाढते, ते जेवतात, मी ताट उचलते. मला परत जायचंच नाही गं."

मग पाय टेकवून तिनं झोका असा उंच नेला की मी दोन्ही हातांनी दोर घट्ट धरला. वर गेल्यावर ती मोठ्यानं काहीतरी ओरडायची, खाली आल्यावर गप्प. पण परत जायचं नाही असं बापाला सांगायची सोय तेव्हा कुठं होती? दिल्या घरी सुखी राहा, संपलं. आखाजी सरली की सासरे न्यायला येणार, हे ठरलेलं होतं.

राजाला कोट लागतो. गावात कोट एकच होता, बौद्धवाड्यात. अक्काच्या शाळेतल्या मैत्रिणीचे वडील रेल्वेत गँगमन होते, त्यांचा पितळी बटणांचा जाड निळा कोट. ती मैत्रीण अक्कापेक्षा हुशार, बोलायला मिरचीसारखी, आणि तेव्हा जळगावला नर्सिंगला नंबर लागायची वाट बघत घरी बसलेली. तिच्या घरी गौराई नसायची, आखाजीच्या खेळातही ती कधी यायची नाही. आम्ही दोघी कोट मागायला गेलो तेव्हा ती दारात उभी राहून आमच्याकडे बघत राहिली.

"कोट देते," ती म्हणाली. "पण फुकट नाही. राजा झालीस की झिऱ्यावर आमच्या घागरी मागं ढकलायच्या नाहीत."

झिरा म्हणजे नदीच्या वाळूत खणलेला खड्डा. त्यात हळूहळू पाणी पाझरतं, ते वाटीवाटीनं घागरीत भरायचं. त्या वर्षी पाऊस पळाला होता, विहिरी तळाला गेल्या होत्या, बौद्धवाड्याचा वेगळा झिरा आटला होता, आणि सगळ्या गावाची तहान एका झिऱ्यावर आली होती. तिथं पहाटे कोणीही येवो, वरच्या आळीच्या घागरी आधी भरायच्या, बौद्धवाड्याच्या शेवटी. शेवटी म्हणजे कधी कधी गाळच. कायदा काय म्हणतो ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी तोंडावर काही बोलतही नव्हतं. नुसती घागर पायानं मागं सरकवायची.

"दिला शब्द," अक्का म्हणाली. मैत्रिणीनं कोट झटकून तिच्या खांद्यावर टाकला.

गाव नेहमीप्रमाणे पडलं. सरपंच इतके झोकात पडले की त्यांचं धोतर सुटलं आणि बायका हसून हसून मेल्या. घामानं अक्काच्या मिशा ओघळून हनुवटीवर आल्या होत्या, पण कोट काही तिनं काढला नाही. पारावर बसून तिनं पहिला हुकूम दिला: झिऱ्यावर ज्याची घागर आधी टेकली त्याची आधी भरेल, मग ती कोणत्या आळीची असो. लोक हसले. एका दिवसाचा तर प्रश्न! वरच्या आळीच्या बायकांनीही हसून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पोरी गौराया डोक्यावर घेऊन नदीवर गेलो आणि तिथं सगळ्यांच्या लक्षात आलं की नदी नाही. म्हणजे वाळू होती, दोन्ही काठ होते, पण गौराई बुडेल एवढं पाणी दूरवर कुठं नव्हतं. झिऱ्यात बोळवावी तर प्यायचं पाणी. घागरभर पाणी वरून ओतावं असं एक जण म्हणाला, तर बायका त्याच्या अंगावर धावून गेल्या. गौराई काय आंघोळीला आणली होय?

हा वाद पारावर गेला. तिथं पुरुषांचा शेवटचा डाव चालला होता. डावाच्या मध्यभागी आबा. आबा म्हणजे गावचा सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात वाईट पत्तेबाज. आयुष्यभर हरला, पण हौस तसूभर कमी झाली नव्हती. आबांनी हातातली पानं छातीशी धरली, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला.

"नदीमा पानी नही, मंग गौराई कशी बोळवशात? वाहतं पानी येवापावत आखाजी सरनी नही." असं म्हणून त्यांनी पुढचं पान टाकलं.

पुरुषांनी असा गलका केला की पारावरचे कावळे उडाले. आखाजी सरली नाही म्हणजे पत्ते बंद नाहीत! देवाच्या साक्षीनं, शास्त्राच्या आधारानं, पाणी येईपर्यंत पत्ते! लोकांनी आबांना उचलून घेतलं. वाण्यानं दुकानातून शेंगदाणे आणले. मी गर्दीत उभी होते आणि मला अक्काचा चेहरा दिसत होता. ती हसत नव्हती. ती विचार करत होती. तिनं फेटा नीट केला, चालत पारापाशी आली आणि म्हणाली,

"मंग हुकूम बी सरना नही."

आबा पानं विसरून तिच्याकडे बघत राहिले. कोणीतरी म्हणालं, अगं जाऊ दे पोरी. तेवढ्यात आबांच्या म्हातारीनं मागून सुनावलं, "बरोबर शे तिनं. आखाजी शे तर बठ्ठी शे, सगळीच्या सगळी, नही तर पत्ता टाका चुल्हामा." पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं. पत्ते टाकवत नव्हते. आपल्याच तोंडानं फसलेली माणसं कशी दिसतात ते मी तेव्हा पाहिलं. मला इतका आनंद झाला की मी तिथंच उड्या मारल्या आणि आईचा धपाटा खाल्ला.

त्यानंतरचे दिवस कोणत्याच पंचांगात नाहीत. तिथी पुढं जात होत्या, बाहेरच्या गावांत आखाजी कधीच होऊन गेली होती, धरणगावच्या बाजारात लोक आम्हाला विचारायचे, तुमच्याकडे अजून सणच चाललाय का? चालला होता. झोके उतरवले नव्हते. गौराया कोनाड्यात बसून होत्या, टोपल्यांतला गहू पिवळा पडून वाळला होता तरी आम्ही त्याला पाणी दाखवत होतो. अक्का रोज संध्याकाळी कोट घालून पारावर बसायची. सुरुवातीला लोक मस्करी म्हणून यायचे. मग नुसतेच यायला लागले.

तिनं हुकूम काढला की ज्याला डावाला बसायचंय त्यानं आधी घरात एक घागर आणून टाकायची. मग काय विचारता! झिऱ्याच्या वाटेवर पुरुषांची रांग. डोक्यावर घागर ठेवायची सवय नाही, म्हणून खांद्यावर घ्यायचे, सदरे भिजवायचे, अर्धी घागर वाटेतच सांडायचे. बायका कमरेवर हात ठेवून दारात उभ्या, "सांभाळून हो, पाय मुरगळंल." झिऱ्यावर पुरुषांनाही रांगेत उभं राहावं लागायचं आणि रांग तर पहिल्या हुकमाची. बौद्धवाड्यातली एखादी पोर पुढं आणि मागं पोलीस पाटील घागर धरून उभे, असं दृश्य आम्ही रोज बघायचो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आम्ही वाटेतच थांबलो. पुढं पुढं तिकडे लक्षही जाईना.

वाण्याच्या दुकानात बायका ओंजळभर धान्य देऊन मीठ-तेल घ्यायच्या. माप वाण्याच्या हातात, आणि त्याचा अंगठा मापाच्या आत. अक्कानं सांगितलं, माप घेणारीच्या हातात. वाणी लाल झाला. म्हणाला, हा धंदा आहे, खेळ नाही. अक्कानं विचारलं, "काल डावाला कोण बसलं होतं?" वाणी बसला होता. माप बायकांच्या हातात आलं. संध्याकाळी पाराचा अर्धा भाग बायकांचा झाला. तिथं बसून त्या काही राज्यकारभार करत नव्हत्या हो, लसूणच सोलत होत्या. पण तालुक्याहून आठवड्यातून एकदा टँकर यायचं ठरलं आणि तो कुठं उभा करायचा ही गोष्ट निघाली तेव्हा त्या तिथंच होत्या, आणि टँकर त्यांनी सांगितला तिथं उभा राहिला. मी घरी येऊन इतिहासाचं पुस्तक उघडलं. समाज, अर्थव्यवस्था, राज्यकारभार. धडा अगदी बरोबर होता. फक्त राजाच्या तिथं चित्र चुकीच्या माणसाचं होतं.

नाना मात्र काही बोलत नसत. पत्तेही खेळत नसत. ओट्यावर बसून सुतळी वळायचे आणि पारावरच्या आपल्या लेकीकडे लांबून बघायचे.

मग अक्काचे सासरे आले. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, हातात पिशवी. आखाजी होऊन किती दिवस झाले, सून का पाठवली नाही, हे विचारायला आलेले. पाण्याचा तांब्या घेऊन नाना त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडे आखाजी सरनी नही अजून." सासऱ्यांना वाटलं चेष्टा आहे. नाना त्यांना पारावर घेऊन गेले. तिथं कोटातली सून बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण त्याच वेळी त्यांची नजर आबांच्या हातातल्या पत्त्यांवरही गेली. आबांनी सरकून जागा केली. "बसा, याही," ते व्याह्यांना म्हणाले. "एक डाव."

त्यांच्या गावात पत्ते कधीच बंद झाले होते. माणूस शेवटी माणूस. पण बसायचं तर आधी घागर! मोठ्या फाटकाच्या घरचे कर्ते सासरे धोतर खोचून झिऱ्यावर रांगेत उभे राहिले. अक्काच्या मैत्रिणीच्या मागं त्यांचा नंबर लागला. तिनं मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "काका, घागर तिरपी धरा, नाहीतर वाळू जाईल." त्यांनी तिरपी धरली.

एक डाव म्हणून बसलेले सासरे मुक्कामाला राहिले. मग गेले, पुन्हा आले. येताना दरवेळी आधी नदीकडे बघायचे. पाणी नाही असं दिसलं की चेहऱ्यावर चिंता आणि आनंद दोन्ही. आम्ही पोरी त्यांना बघून फिदीफिदी हसायचो. अक्का हसायची नाही. ती मला म्हणाली, "एक दिवस पाणी येईल गं. येणारच ना. लोकांना प्यायला नको का? आणि मी इथं बसून पाणी येऊ नको म्हणते. असा राजा असतो का कुठं?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी लहान होते, मी तिच्या कोटाची बटणं पुसत बसले.

पाणी आलंच. पाऊस नव्हे. वर गिरणा धरणातून प्यायच्या पाण्यासाठी आवर्तन सोडलं होतं. सकाळीच एसटीतून उतरलेल्या माणसानं सांगितलं की वरच्या गावांना पाणी पोचलं. गाव नदीवर जाऊन बसलं. दुपार कलली तरी काही नाही. मग वाळूतून खसखस असा आवाज आला आणि वळणावरून पाण्याची जीभ पुढं सरकताना दिसली. घाईत नव्हतं ते पाणी. पुढं फेस, काडीकचरा, लेंड्या, आणि मागं तपकिरी पाणी. वाळू पिऊन घ्यायची, ते थांबायचं, पुन्हा निघायचं. लहान पोरं त्याच्यापुढं उलटी चालत होती. मी आयुष्यात पुष्कळ नद्या बघितल्या, पण नदी चालत येताना तेवढीच एकदा बघितली.

पोरींनी गौराया आणल्या. सासरे आलेले होते, सुनेला न्यायला आणलेली त्यांची जीप काठावर उभी होती. आबांनी पत्त्यांचा जुडगा धोतराच्या सोग्यात बांधला. सगळे अक्काकडे बघत होते. ठेवणीचा हुकूम राहिला होता.

बौद्धवाड्याच्या बायका जरा बाजूला उभ्या होत्या, पुढं ती मैत्रीण. त्यांना खात्री होती, आणि मलाही. झिऱ्याचा हुकूम. तोच राहायला पाहिजे, तोच राहणार. अक्कानं एकदा तिकडे बघितलं. मग गाडीकडे बघितलं. मग वळून ती नानांच्या समोर उभी राहिली, सासऱ्यांच्या नाही, आणि कोटाच्या बाहीनं मिशा पुसून टाकल्या.

"माले सासरी जानं नही. हाऊ मना ठेवणीना हुकूम."

सासरे हसायला गेले. "अहो, हा तर खेळ शे पोरीसना."

"खेळ शे?" आबा म्हणाले. "मंग इतला दिवस तुम्ही पत्ता कशा खेळनात, याही? घागर कशी वाहिनात?"

सासऱ्यांनी नानांकडे बघितलं. सगळं नानांवर येऊन थांबलं होतं. नाना खाली वाकले, नदीचं ओंजळभर पाणी घेतलं, तोंडावर मारलं, आणि तसेच ओल्या चेहऱ्यानं म्हणाले, "हुकूम शे." सासऱ्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि सुनेला म्हणाले, "घरी काय सांगू?"

"सांगा, नदी बघायला गेली," अक्का म्हणाली.

गाडी रिकामी गेली. गौराया पाण्यात सोडल्या, वाळलेला गहू फेसाबरोबर वाहत गेला. बायका अक्काला कवटाळून रडत होत्या, मीही रडत होते. आणि त्या गर्दीतून वाट काढत ती मैत्रीण आली. रडत नव्हती.

"कोट दे," ती म्हणाली.

अक्कानं कोट काढला. खाली तिची साडी घामानं चिंब होती, आणि कोटाशिवाय ती एकदम लहान दिसायला लागली.

"तुझं झालं," मैत्रीण म्हणाली. "आमचं?"

मैत्रिणीनं कोटाची घडी घातली आणि ती आपल्या बायकांबरोबर निघून गेली. मला अक्का घरी राहिली म्हणून आभाळाएवढा आनंद झाला होता आणि तिचा रागही आला होता. दोन्ही खरं होतं. तिनं काय करायला पाहिजे होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई मला घागर घेऊन झिऱ्यावर घेऊन गेली. नदीचं पाणी गढूळ होतं, प्यायला अजून काठालगतचा झिराच. राज्य संपलेलं होतं. पत्ते बंद, झोके उतरलेले, सगळं होतं तसं होणार हे सगळ्यांना माहीत होतं.

झिऱ्याच्या तोंडाशी एकच घागर टेकलेली होती आणि तिच्यामागं ती मैत्रीण उभी होती. वरच्या आळीच्या बायका थोड्या अंतरावर घोळका करून थांबल्या होत्या. पायानं घागर सरकवायला कोणी पुढं येत नव्हतं आणि तिच्या मागं उभं राहायलाही कोणी येत नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, "राजा गया ना व माय?"

"गया," मैत्रीण म्हणाली. "मी शे ना. माले हुकूम कशाले पाहिजे?" आणि वाटीनं पाणी भरायला लागली. घोळका हलला नाही.

मग अक्का आली. डोक्यावर पदर, कमरेवर घागर, डोळे सुजलेले. घोळक्यातल्या तिच्या काकवा-माम्यांनी जरा सरकून तिला जागा केली. ती त्यांच्या पुढून तशीच चालत गेली आणि झिऱ्यापाशी थांबली.

"कोना मांगे शे मी?" तिनं विचारलं.

मैत्रिणीनं मान वर केली नाही. वाटी भरली, घागरीत ओतली, पुन्हा भरली.

"मना मांगे," ती म्हणाली.

अक्कानं वाळूत घागर टेकवली. आईचा हात सोडून मी गेले आणि अक्काच्या मागं माझी टेकवली. मागं वळून बघायची माझी काही छाती झाली नाही. पण थोड्या वेळानं वाळूवर एक घागर टेकल्याचा आवाज आला, आणि मग आणखी एक.